गल्लीकडून उघडणारं दार

परवा साइटवर जाऊन आले. अकरावा स्लॅब भरायचं काम चालू होतं. सुपरवायझरने डोक्यावर हेल्मेट चढवायला लावलं आणि म्हणाला, "ताई, तुमचा हॉल दाखवतो, चला." तळमजल्याला, मागच्या गल्लीच्या अंगाला, तीन बाजूंनी विटांच्या भिंती उभ्या राहिल्यात. चौथ्या बाजूला दाराची चौकट नुसती टेकवून ठेवली होती. आत सिमेंटच्या गोण्या, एक तुटकं घमेलं आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा. मी मधोमध उभी राहिले आणि एक टाळी वाजवली. आवाज घुमला, पण लगेच विरलाही. सुपरवायझर बघत राहिला. त्याला म्हटलं, "इथे पखवाज वाजणार आहे, म्हणून ऐकून बघितलं."

24 फूट बाय 15 फूट. या 360 चौरस फुटांसाठी आम्ही चार वर्षं भांडलो. ती हकीकत लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं, कारण रिडेव्हलपमेंटला गेलेल्या चाळींमधून मला सारखे फोन येतात. "तुम्ही हॉल कसा मिळवलात?" फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्याला, जिन्याच्या शेजारी, मंडळाची खोली होती. 14 बाय 11. कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावच्या माणसांनी गिरणीच्या भरात असताना घेतलेली पागडीची खोली. भाडेपावती कोणा एकाच्या नावावर नव्हती, ग्रामस्थ मंडळाच्या नावावर होती. एकेकाळी तिथे वीस-बावीस जण राहायचे. राहायचे म्हणजे पाळीने झोपायचे. रातपाळीचा आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची आणि आपली पसरायची. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंट्यांखाली ज्याची त्याची ट्रंक. जेवण खानावळीत. आणि शनिवारी रात्री भजन. पेटी, पखवाज, झांजा, चार टाळ. माझे बाबा त्या खोलीतूनच लग्न करून वरच्या मजल्यावर गेले, पण शनिवारी खाली उतरायचे ते उतरायचेच. डबलबारीची, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याची, तयारी असली की आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि आम्ही पोरं गॅलरीच्या कठड्याला लटकून ऐकायचो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या खोलीतल्या ट्रंका एकेक करून गावाला जाताना मी पाहिल्या आहेत. शेवटी भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्या. पण मंडळाने खोली सोडली नाही. वर्गणी काढून भाडं भरत राहिले. आणि मग त्या खोलीला दुसरंच आयुष्य मिळालं. भजन तर होतंच. गावाहून कोणी टाटाला किंवा केईएमला उपचारासाठी आलं की तिथे उतरायचं. टाटाची केमोथेरपी घेणारी बाई आणि तिचा नवरा महिना-महिना राहिलेले मला आठवतात. शनिवारी भजन सुरू करण्याआधी बुवा तिला विचारायचे, "आज बरं वाटतंय का? नाहीतर वर गॅलरीत बसतो आम्ही." तिने कधीच त्यांना वर जायला सांगितलं नाही.

1998 च्या मे महिन्यात मी तिथे मुलांचं नाट्यशिबिर सुरू केलं. तेव्हा मी सहकारी बँकेत कॅशियर होते, कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत कामं करायचे आणि आमच्या चाळीतली पोरं सुट्टीभर नुसती कॅरम खेळत बसलेली बघवत नव्हती. पंधरा दिवस, रोज संध्याकाळी चार ते सात. पाच वाजता पाणी यायचं, तेव्हा तालीम थांबायची. राजा, प्रधान, राक्षस सगळे आपापल्या घरचा हंडा-कळशी भरायला पळायचे आणि ओल्या चपलांनी परत यायचे. पुढेपुढे शेजारच्या तीन चाळींतली मुलंही यायला लागली. शेवटच्या दिवशी चौकात बाकडी जोडून रंगमंच, दोन सतरंज्यांचा पडदा, आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या म्हणजे बाल्कनीचे प्रेक्षक. नाट्यगृहात जाऊन बघितलेल्या कुठल्याही प्रयोगाला मी तसे प्रेक्षक पाहिले नाहीत. वरून वाक्य आठवून द्यायचे, वरूनच टाळ्या, आणि राक्षस जास्त भयानक झाला तर वरूनच एखादी आजी ओरडायची, "पुरे रे, बारकी रडतात!"

मग रिडेव्हलपमेंट आली. यावी अशीच आमची इच्छा होती, हे आधी सांगते. जिन्याच्या लाकडाला वाळवी लागली होती, संडासाच्या बाजूच्या भिंतीला टेकू दिले होते, पावसाळ्यात दर वर्षी नोटीस यायची. चाळ तशीच राहायला हवी होती असं मी कधी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांना रात्री कॉमन संडासाकडे जाताना ज्यांनी पाहिलंय, ते असं म्हणणार नाहीत.

सर्वेला आलेला मुलगा मंडळाच्या खोलीत आला. फॉर्ममध्ये रकाना होता, वापर.

"इथे कोण राहतं?"

"कायमचं कोणी नाही."

"मग काय होतं इथे?"

मी त्याला सगळं सांगितलं. भजन, टाटाचे पेशंट, शिबिर, गणपतीची सजावट ठेवायची जागा, बारावीच्या मुलांची अभ्यासिका, मयताच्या दिवशी पुरुष मंडळी बसतात ती जागा. त्याने ऐकून घेतलं, पेन थोडा वेळ हवेत धरलं आणि 'निवासी' असं लिहिलं. त्याचा दोष नव्हता. त्याच्या फॉर्मात निवासी आणि अनिवासी दोनच शब्द होते, आणि अनिवासी म्हणजे दुकान.

माझ्या डोक्यात पुढची चार वर्षं तो रकाना होता. गिरणगावात संस्कृतीची जागा अशी पाटी लावून कधी काही नव्हतंच. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते थिएटर बांधून नाही. मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात उभं राहून. लालबागच्या राजाचं मूळ तर थेट जागेतच आहे. पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद झाला, कोळी बांधव आणि विक्रेते उघड्यावर आले, त्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि 1934 मध्ये गणपती बसला. आमच्या भागातला सगळ्यात मोठा उत्सव पोटापाण्याच्या जागेसाठी बोललेल्या नवसातून आला आहे, हे मी शिबिरातल्या मुलांना दर वर्षी सांगते. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं केली आणि एका अख्ख्या चळवळीला शाळेच्या हॉलचं नाव पडलं. शाळेच्या नकाशात तो साधा हॉलच असणार.

परळच्या दामोदर नाट्यगृहाचं तसं नव्हतं. ते नाट्यगृहच होतं, 1922 सालचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. कामगार रंगभूमी तिथे वाढली. नमन, जाखडी, डबलबारी, कोकणातून मुंबईत आलेलं सगळं तिथे तिकीट लावून झालं. बाबांच्या भजनी मंडळाची बारी तिथे झाली तेव्हा आईने नवं लुगडं नेसलं होतं. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं आणि रंगकर्मींना ते पूर्वीसारखं परत मिळावं म्हणून आवाज उठवावा लागला. शंभर वर्षांच्या नाट्यगृहाची ही कथा, तर चाळीतल्या 14 बाय 11 च्या खोलीला कोण विचारतो?

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण इथे पुन्हा लिहिते, कारण नवीन मुलांना ते कोणी सांगत नाही. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये बदल करून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीला लागू केली, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. गिरणीत रिकामी जमीन ती किती असणार? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. शहराच्या वाट्याला येणारी मैदानं, बागा, सभागृहं तिथेच आटली. आता एकेका चाळीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये आम्ही जे मागतो ते त्या हुकलेल्या वाट्याचे तुकडे आहेत, असं मला मनापासून वाटतं.

बिल्डरच्या पहिल्या नकाशात हॉल होता. नव्हता असं नाही. सेलच्या, म्हणजे बाहेर विकायच्या फ्लॅटच्या विंगमध्ये, सहाव्या मजल्याच्या पोडियमवर, जिमच्या शेजारी. नाव मल्टिपर्पज हॉल. ब्रोशरमध्ये त्याचं चित्र होतं, चित्रात वाढदिवसाचे फुगे. आमच्या चाळीच्या समितीतले सगळे खूश झाले. मी नकाशा घरी आणला आणि रात्री त्यावर एकेक गोष्ट लिहीत गेले. हॉलच्या मध्ये एक कॉलम. उंची साडेनऊ फूट, त्यात फॉल्स सिलिंग. खाली गुळगुळीत टाइल्स. पेटी-पखवाज ठेवायला जागा नाही. वापरायचा तर आधी बुकिंग, दिवसाचं भाडं. चावी बिल्डिंग सांभाळणाऱ्या एजन्सीच्या मॅनेजरकडे.

आणि तिथपर्यंत पोचायचा रस्ता. मेन गेट, सिक्युरिटीच्या मोबाइलवर नोंद, लॉबी, लिफ्ट, कार्ड. शेजारच्या चाळीतलं आठ वर्षांचं पोर एकटं, चपला फटफटवत, हातात कागदाचा मुकुट घेऊन त्या रस्त्याने कधी तरी येईल का? गेटवरच विचारणार, कोणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर काय. त्याला फ्लॅट नंबर नाही. त्याला तालमीला जायचंय.

माझी एक मैत्रीण सायनला एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीत राहते. एसआरएच्या नियमात बालवाडी, सोसायटी ऑफिस, वेल्फेअर हॉल द्यावा लागतो, म्हणून तिच्याकडे हॉल आहे. मी बघायला गेले. कुलूप. खिडकीतून पाहिलं तर जुन्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीची झाकणं आणि निवडणुकीचे बोर्ड. जागा नियमाने मिळाली होती. पण कोणी वापरायची, कधी, चावी कोणाकडे, लाइट बिल कोण भरणार, हे कोणीच ठरवलं नव्हतं. त्या खिडकीपाशी उभी असताना माझं पक्कं झालं की नुसते चौरस फूट मागून भागणार नाही.

मार्ग सापडला तो भाडेपावतीत. मंडळ हे म्हाडाच्या यादीत पात्र भाडेकरू होतं. बाकीच्या 71 बिऱ्हाडांना जसा 405 चौरस फुटांचा फ्लॅट मिळणार, तसा मंडळालाही मिळणार होता. मी समितीत म्हटलं, मंडळाने वरचा फ्लॅट घ्यायचाच नाही. त्याच्या बदल्यात तळमजल्याला जागा मागायची, गल्लीच्या बाजूला, स्वतंत्र दार असलेली.

समितीने मान डोलावली, पण तो हक्क समितीचा नव्हता, गावाचा होता. मंडळाचे 31 सभासद, त्यातले बरेचसे आता गावी किंवा त्यांची मुलं डोंबिवली, विरारला. आणि गावात आधीच वेगळी चर्चा सुरू झाली होती. लालबागला फ्लॅट म्हणजे केवढी रक्कम! विकायचा, देवळाचा सभामंडप बांधायचा, उरलेलं वाटून घ्यायचं. मुंबईतल्या कितीतरी गावमंडळांच्या खोल्या अशाच गेल्या आहेत आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. तो पैसा गरजेचा असतो.

शिमग्याला गावी गेले. देवळात बैठक झाली. मी नकाशा जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले. तीन तास बोलणं झालं. एक काका सरळ म्हणाले, "नाटकान पोट भरता काय?" मी उत्तर देण्याआधी मागे बसलेल्या आक्का बोलल्या. त्यांचे यजमान त्या खोलीत अकरा वर्षं राहिले होते आणि शेवटी टाटाला असताना त्या स्वतः तिथे दोन महिने राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माका हॉल नको गो. पण पोरांचो आवाज व्हयो. त्या दिसांत तेच्यारच मी रवलंय."

त्यानंतर मत घ्यावं लागलं नाही. पण अटी मात्र गावाने घातल्या आणि त्या शहाणपणाच्या होत्या. जागा मंडळाच्या नावावरच राहील. ती विकता किंवा कायमची भाड्याने देता येणार नाही. गावचा माणूस उपचारासाठी आला तर रात्री तिथे झोपेल, म्हणून आत न्हाणीघर आणि संडास हवाच. आमचं काम बघणाऱ्या आर्किटेक्टला मी हे सांगितलं तेव्हा तिने रंगमंचाच्या मागची खोली म्हणून जे काढलं होतं तिथेच न्हाणीघर बसवलं. दिवसा मुलं तिथे कपडे बदलतील, रात्री पेशंट वापरेल.

बिल्डरशी बोलणी सोपी नव्हती. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. तळमजल्याची जागा म्हणजे दुकानाचे गाळे, वरच्या मजल्यांपेक्षा कितीतरी जास्त भाव. रस्त्याची दर्शनी बाजू तो सोडणार नव्हता, आम्ही मागितलीही नाही. मागच्या गल्लीकडे मीटर रूम आणि पार्किंगचा रॅम्प होता. रॅम्प सरकवता येतो हे आर्किटेक्टने कागदावर करून दाखवलं, तेव्हा गोष्ट पुढे सरकली. 405 ऐवजी 360 वर आम्ही तयार झालो. पंचेचाळीस फूट सोडले आणि त्या बदल्यात साडेतेरा फूट उंची घेतली. मध्ये कॉलम नाही. खाली कोटा फरशी. फॉल्स सिलिंग नाही. एका भिंतीला मजल्यापासून वरपर्यंत कपाट. आणि दार गल्लीकडे, लॉबीशी संबंध नाही.

खरी मेहनत पुढे होती, मेंटेनन्सची. नव्या इमारतीत जाऊन लोक मेंटेनन्सपायीच घर विकतात, मग मंडळ कुठून भरणार? बँकेत आयुष्य काढलं त्याचा इथे उपयोग झाला. चौरस फुटाला महिन्याला 9 रुपये धरले तर 3,240 रुपये, वर्षाचे 38,880. साडेसहा टक्के व्याज धरून 6 लाखांची ठेव ठेवली तर वर्षाला 39,000 येतात. मंडळाच्या वाट्याचा कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून देखभालीसाठी मिळणारा निधी, 4 लाख होता. उरलेले दोन लाख 31 सभासदांनी, शिबिरात वाढलेल्या मुलांनी, आणि चाळीतल्या ज्या घरांचा गावाशी काही संबंध नाही त्यांनीही दिले. पहिल्या शिबिरातला प्रधान आता दुबईला असतो. त्याने वीस हजार पाठवले आणि खाली लिहिलं, 'हंडा भरायला पळालो नसतो तर जास्त पाठवले असते.' तो मेसेज मी जपून ठेवलाय.

करारात आम्ही एक स्वतंत्र पान घातलं. चावी मंडळाकडे. शिबिर, भजन, अभ्यासिका यांना बुकिंग नाही, भाडं नाही. शेजारच्या चाळींतली मुलं येऊ शकतील, हे स्पष्ट शब्दांत. रात्री दहापर्यंतच गाणं-बजावणं आणि लाउडस्पीकर नाही. ही अट आम्हीच आपणहून लिहिली. सेलच्या विंगमध्ये कोट्यवधी देऊन येणाऱ्या माणसाला झोप हवीच. त्याच्याशी भांडण करून हॉल चालणार नाही. उलट त्याची मुलंही मे महिन्यात खाली यावीत, त्यांना झाड व्हायला, राक्षस व्हायला मिळावं, अशी माझी फार इच्छा आहे. चाळीत न वाढलेल्या मुलाला ती गोष्ट फक्त त्या दारातूनच मिळेल.

बिल्डरच्या ऑफिसातला एक तरुण मुलगा मला सहीच्या दिवशी म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला आधी कळलं असतं तर पहिल्या नकाशातच केलं असतं." मला ते खरं वाटलं. त्याला कोणी विचारायलाच सांगितलं नव्हतं. किती मजले, किती पार्किंग, किती फ्लॅट, हे सगळं तो पाठ म्हणून दाखवायचा. इमारत पाडण्याआधी महिनाभर कोणी संध्याकाळी येऊन नुसतं बसलं असतं, कुठे कोण जमतं, कशासाठी जमतं, वाद्यं कुठे ठेवतात, पोरं कुठल्या वाटेने येतात हे पाहिलं असतं, तर आमची चार वर्षं वाचली असती. ज्यांची चाळ अजून उभी आहे त्यांनी तरी हे स्वतः करावं. वही घ्या आणि आठवड्याचे सातही दिवस लिहून काढा. सर्वेचा फॉर्म येईल तेव्हा ती वही त्याला जोडा.

चाळ 2022 मध्ये रिकामी केली तेव्हा खोलीतलं सामान वाटून घेतलं. पखवाज बुवांच्या मुलाकडे विरारला आहे. पेटी आक्कांच्या पुतण्याकडे. कागदाचे मुकुट, लाकडी तलवारी, दोन सतरंज्या आणि मेकअपची डबी असलेली ट्रंक माझ्याकडे, भाड्याच्या घरात पलंगाखाली. साइटवरून आल्यावर टेप घेऊन मी ती मोजली. लांबी 3 फूट 4 इंच, उंची दीड फूट. नकाशात कपाटाचा खालचा कप्पा तीन फुटांचाच दाखवलाय. आर्किटेक्टला रात्रीच फोन केला. ती म्हणाली, "सुतार अजून आलेला नाही ताई, चार फुटांचा करून घेते."